४२ ऐवजी ३८: रोड सायकलसाठी झिपचा सर्व्हिस कोर्स ७० अर्गो हँडलबार

माझ्या रोड सायकलची फ्रेम ५४ सेंटिमीटरची असून ती घेतली तेव्हा तिला ४२ सेंटिमीटर रुंदीचा हँडलबार होता. कंपन्या हँडलबार सहसा फ्रेमच्या मापावरून ठरवतात, चालवणाऱ्याच्या खांद्यांवरून नव्हे, हे खरेदीच्या वेळी मला कोणी सांगितले नाही. त्यामुळे शंभर किलोमीटरनंतर पाठीच्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये उठणाऱ्या कळेचा दोष मी बराच काळ सीटच्या उंचीला देत राहिलो. शेवटी खांद्यांच्या वरच्या कडेला बोटांना लागणाऱ्या हाडांच्या टोकांमधले अंतर घरी मोजून घेतले, तेव्हा ते ३८ सेंटिमीटर भरले आणि त्याच मापाचा झिप कंपनीचा हा हँडलबार बसवला.

सहा महिन्यांच्या वापरानंतर सर्वांत मोठा फरक जाणवतो तो हुडवर, म्हणजे ब्रेकच्या दांड्यांवरच्या रबरी मुठींवर, हात ठेवल्यावर. पूर्वी कोपरे बाहेर फाकत आणि मान ताठ राहत असे. आता हात खांद्यांच्या रेषेत सरळ पुढे येतात, कोपरे सहज वाकतात आणि खड्ड्यांचे हादरे मानेपर्यंत पोहोचत नाहीत. रीच (बार पुढे जातो ते अंतर) ७० मिलिमीटर आणि ड्रॉप (बार खाली उतरतो ते अंतर) १२८ मिलिमीटर असल्यामुळे खालच्या वळलेल्या भागावर हात न्यायला फार वाकावे लागत नाही. समोरच्या वाऱ्यात अंग आवळून घेता येते, हा फायदाही खरा आहे. मात्र तेवढ्यासाठी रुंद खांद्यांच्या माणसाने अरुंद बार घ्यावा, असे मला वाटत नाही. शर्यतींमध्ये हा सोस इतका वाढला की जागतिक सायकलिंग महासंघाने १ जानेवारी २०२६ पासून रोड शर्यतींसाठी बाहेरून बाहेर किमान ४०० मिलिमीटर रुंदीचा नियम केला.

पुण्याजवळच्या बोपदेव घाटात उभे राहून पेडल मारताना मात्र जुन्या बारची आठवण येते, कारण सायकल डावी-उजवीकडे झुकवताना रुंद बारावर जी पकड आणि जोर मिळतो तो इथे कमी पडतो. हँडलही पहिले काही दिवस चंचल वाटते, म्हणून उतारावर सवय होईपर्यंत वेग आवरावा. दिवा आणि जीपीएस शेजारी शेजारी लावणाऱ्यांना वरच्या सरळ भागात जागा अपुरी वाटेल.

खरेदी करताना छापील आकड्यावर विसंबू नये. काही कंपन्या नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, तर काही बाहेरून बाहेर, आणि नळी सुमारे २४ मिलिमीटर जाड असल्यामुळे एकाच आकड्यात दोन सेंटिमीटरहून अधिक फरक पडतो. शिवाय खालची टोके बाहेर फाकलेली असतील, तर हुडपाशी रुंदी आणखी कमी भरते. तळहात दिवसभर टेकतात ते हुडवर, तेव्हा दुकानात टेप तिथेच लावावी.