दाक्षिणात्य चित्रपट हिंदीत पाहावा की मूळ भाषेत?

अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांवर मित्रमंडळींत बोलणे निघाले की एक गोष्ट हमखास घडते. एक जण तेलुगू खेळ पाहून आलेला असतो, दुसऱ्याने तोच चित्रपट घरी हिंदीत पाहिलेला असतो, आणि दोघांची मते इतकी वेगळी निघतात की दोघांनी पाहिलेला चित्रपट एकच होता का, अशी शंका यावी. पुण्या-मुंबईकडे हा प्रश्न बहुधा सोयीपुरता असतो. सोलापुरात तो थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण पूर्व भागातल्या विणकर वस्तीतली तेलुगू आणि अक्कलकोटच्या बाजूची कन्नड आपल्यापैकी अनेकांना बोलता येत नसली तरी कानांना परकी नसते. मोठ्या नटाचा तेलुगू चित्रपट आला की गावात त्याचे मूळ भाषेतले खेळही लागतात, त्यामुळे निवड करण्याची संधी आपल्याला खरोखरच मिळते.

हिंदी आवृत्तीची बाजू हलकी मुळीच नाही. 'बाहुबली'च्या दोन्ही भागांत (2015 आणि 2017) प्रभासला शरद केळकर यांनी दिलेला आवाज इतका चपखल बसला आहे की अनेकांच्या मनात अमरेंद्र बाहुबली आजही त्याच आवाजात बोलतो. 'पुष्पा'च्या पहिल्या भागात (2021) अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदे यांनी आवाज दिला, आणि त्या पात्राचा बेदरकारपणा त्यात पुरेपूर उतरला. 'आरआरआर'मध्ये (2022) तर रामचरण आणि एनटीआर ज्युनिअर या दोघांनी हिंदी संवाद स्वतःच म्हटले आहेत. सिद श्रीराम यांनी गायलेले तेलुगू 'श्रीवल्ली' मला अधिक आवडते, पण जावेद अली यांच्या हिंदी गाण्याला नावे ठेवण्याचे धाडस मी करणार नाही. शिवाय घरातली तीन पिढ्यांची माणसे एकत्र बसणार असतील, तर ज्येष्ठांना इंग्रजी सबटायटल्स वाचायला लावणे हा त्यांच्यावर अन्यायच होय.

मूळ भाषेचे कैवारी 'नटाचा खरा आवाज' हा मुद्दा नेहमी पुढे करतात. मला तो फारसा पटत नाही. तेलुगू चित्रपटांत समंथाला अनेकदा चिन्मयी श्रीपाद यांचा आवाज असे. कमल हासन यांच्या कितीतरी तमिळ चित्रपटांच्या तेलुगू आवृत्त्यांत त्यांच्या तोंडी एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज होता आणि तेलुगू प्रेक्षकांना तो तितकाच प्रिय होता. दक्षिणेतच ही परंपरा एवढी जुनी असताना हिंदी डबिंगला केवळ ते डबिंग आहे म्हणून कमी लेखणे योग्य ठरणार नाही.

सबटायटल्सचा जाच तर मी स्वतः सोसतो. विनोदी प्रसंगात वाक्य पडद्यावर आधी उमटते, आपण हसून मोकळे होतो आणि नट ते नंतर उच्चारतो. पांढऱ्या लुंगीवर पांढरी अक्षरे आली की डोळे ताणावे लागतात. मोबाइलवर पाहणाऱ्यांचे हाल याहून वाईट असतात. मराठी सबटायटल्स क्वचितच मिळतात. चित्रपटगृहातल्या तेलुगू खेळाला सबटायटल्स असतीलच याची खात्री देता येत नाही, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी विचारून घेणे बरे.

इतके सगळे मान्य करूनही माझा कौल मूळ भाषेकडे झुकला तो एकाच त्रासामुळे. हिंदी आवृत्तीत सगळी माणसे सहसा एकच भाषा बोलतात. काही काळापूर्वी घरी एक रहस्यपट हिंदीत पाहत होतो. शेजारच्या राज्यातून आलेला पोलीस अधिकारी गावातल्या म्हाताऱ्याची चौकशी करतो, आणि म्हातारा अस्खलित हिंदीत सांगतो की साहेब, मला तुमची भाषा कळत नाही. अधिकारीही तितक्याच अस्खलित हिंदीत दुभाषा बोलवायला सांगतो. दुभाषा येतो आणि एकाचे हिंदी दुसऱ्याला हिंदीतच समजावून देतो. घरातले सगळे हसले, मीही हसलो. पण त्या चौकशीतला ताण, म्हाताऱ्याची भीती आणि दुभाष्याने मध्येच काय गाळले असेल हा संशय, ज्यावर पुढची सारी कथा उभी होती, ते सर्व त्या हसण्यात संपून गेले. त्यानंतर हीच खोट मला जवळपास प्रत्येक डब केलेल्या चित्रपटात दिसू लागली.

याचा त्रास सोलापूरकराला इतरांपेक्षा जास्त होत असावा, असे मला वाटते. आपल्याकडे बाजारात एक भाषा, गिरणी-कारखान्यात दुसरी आणि घरी तिसरी, हा अनेकांचा रोजचा व्यवहार आहे. कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो यावरून आपल्याला नाते, दर्जा, जवळीक आणि राग हे सगळे कळते. पडद्यावरून नेमकी तीच खूण पुसली गेली की आपल्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. बोलींचेही तसेच होते. 'पुष्पा'तली चित्तूरकडची तेलुगू आपल्याकडच्या तेलुगूपेक्षा वेगळी, 'कांतारा'तली (2022) किनारपट्टीची कन्नड अक्कलकोटच्या कन्नडपेक्षा वेगळी. हिंदीत मात्र या सगळ्यांचा एकच सपाट सूर होतो.

ज्याला हे पटत नसेल त्याने आपल्याच जिल्ह्यातला 'सैराट' (2016) आठवून पाहावा. आर्ची आणि परश्या पळून हैदराबादला पोहोचतात तेव्हा त्यांच्या असहायतेचा मोठा भाग भोवतीच्या तेलुगूने निर्माण केला आहे, आणि पुढे आर्ची ती भाषा बोलू लागते तेव्हा तिचा संसार तिथे रुजत असल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. गंमत म्हणजे पूर्व भागातल्या प्रेक्षकाला तिथले बोलणे नायक-नायिकेच्या आधी कळत होते. हाच चित्रपट सर्वांच्या तोंडी हिंदी घालून दाखवला तर हैदराबाद आणि करमाळा यांत फरक तो काय उरेल? हिंदीत 'धडक' (2018) करतानाही जोडप्याला उदयपूरहून कोलकात्याला, म्हणजे भाषा बदलणाऱ्या शहरातच पाठवावे लागले.

मल्याळममध्ये तर या गोष्टीवर अख्खे चित्रपट उभे आहेत. लिजो जोस पेल्लिसेरी यांच्या 'ननपकल नेरत्तु मयक्कम'मध्ये मामूट्टीने साकारलेला मल्याळी प्रवासी तमिळ गावाजवळ बसमधून उतरतो आणि त्या गावातल्या एका माणसाच्या घरात शिरून, त्याचीच तमिळ बोलत, त्याच्यासारखा वागू लागतो. दोन भाषांमधला हा बदल ऐकू आला नाही तर त्या चित्रपटाचे पुढे करायचे काय? 'मंजुम्मेल बॉईज'मध्ये (2024) कोची परिसरातली मुले कोडाईकनालच्या गुणा गुहेत संकटात सापडतात, तेव्हा मदत मागायची ती तमिळ बोलणाऱ्या पोलिसांकडे आणि गावकऱ्यांकडे. त्यांची घालमेल मूळ आवृत्तीत कानांना थेट कळते.

मराठी डबिंगचाही पर्याय आहे. दूरचित्रवाणीवर आलेल्या मराठी 'बाहुबली'त अमोल कोल्हे यांचा आवाज होता आणि तो ऐकताना मौज वाटली, पण माझी मूळ तक्रार तिथेही तशीच राहते.

मूळ आवृत्ती पाहायचे ठरवले तरी ती समोर आपोआप येत नाही. 'आरआरआर' घरबसल्या उपलब्ध झाला तेव्हा हिंदी आवृत्ती नेटफ्लिक्सवर आणि तेलुगू झी फाइव्हवर होती. 'कांतारा'ही हिंदीत नेटफ्लिक्सवर आणि कन्नडमध्ये प्राइम व्हिडिओवर आला. एका ठिकाणी फक्त हिंदी दिसले म्हणून शोध सोडू नये.

युद्धपट, पौराणिक भव्यता किंवा निव्वळ हाणामारी पाहायची असेल, घरची सगळी मंडळी सोबत असतील, तर हिंदी आवृत्ती निःसंकोच लावावी. तिथे गमावण्यासारखे थोडेच असते. कथा दोन गावांची, दोन राज्यांची किंवा परक्या मुलखात अडकलेल्या माणसांची असेल, तर निदान मी तरी हिंदीच्या वाटेला जाणार नाही. पहिल्यांदाच मूळ भाषेत पाहणाऱ्या सोलापूरकराने मल्याळमची घाई न करता एखाद्या तेलुगू कौटुंबिक चित्रपटापासून सुरुवात करावी, कारण त्यातले निम्मे बोलणे कानांना आधीच ओळखीचे असते आणि सबटायटल्सकडे अधूनमधून पाहिले तरी भागते.