इन्कोनेल ७१८ चा गोल बार: लेथवर कसा वागतो

इन्कोनेल ७१८ हा निकेलचा मिश्रधातू. विकणारे त्याचं कौतुक करतात ते सुमारे ६५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणाऱ्या ताकदीचं. त्यात खोट नाही. जेट इंजिनातल्या टर्बाइन डिस्क उगाच यातून बनत नाहीत. पण बार चकमध्ये धरल्यावर काय होतं, ते कॅटलॉगमध्ये सापडत नाही.

बार ॲनील केलेला (तापवून मऊ केलेला) मिळतो आणि एजिंग केलेलाही (ठरावीक तापमानाला धरून कडक केलेला). जास्त मटेरियल काढायचं असेल तर ॲनील केलेलाच मागवा. आधी रफिंग (जाडजूड कट घेऊन जास्तीचं मटेरियल काढणं), मग एजिंग: ७२० अंशांना ८ तास, भट्टीतच ६२० पर्यंत उतरवून तिथे पुन्हा धरायचं. या वेळात निकेल-नायोबियमचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि कडकपणा ४० रॉकवेल सीच्या आसपास जातो. जॉब यात किंचित आकसतो, म्हणून फिनिशिंगसाठी मटेरियल राखून ठेवा.

खरा त्रास उष्णतेचा. हा धातू साध्या स्टीलच्या पाव हिश्श्याइतकीच उष्णता वाहून नेतो, त्यामुळे सगळा ताप टूलच्या टोकाशी साचतो. कार्बाइड इन्सर्ट (टूलवर बसवायची बदलती कापणारी धार) मिनिटाला ३०-४० मीटरवर ठेवा, कूलंट सढळ आणि नेमका धारेवर. इन्सर्ट काढून भिंगाखाली धरा: टोक जवळपास नवं, पण कट जिथपर्यंत लागला होता नेमक्या त्या रेषेवर खाच. आधीच्या पासने कडक झालेली साल धार तिथेच कापत असते. दर पासला कटची खोली बदलली, गोल इन्सर्ट लावला, की झीज पसरते. धार वाचवायला फीड (दर फेऱ्याला टूल पुढे सरकण्याचं अंतर) कमी करण्याची सवय मात्र इथे नडते. टूल कापण्याऐवजी घासायला लागलं की जॉबवर चकचकीत पट्टा उमटतो. दिसायला सुरेख फिनिश, पुढच्या पासला दगड. ड्रिलही भोकात थांबवायचं नाही.

टॅपने भोकात आटे पाडण्याबद्दल न बोललेलंच बरं. थ्रेड मिलिंग करा, म्हणजे फिरत्या कटरने आटे कापा.

माल आला की हीट नंबर (धातू ज्या वितळणीतून आला तिचा क्रमांक) सर्टिफिकेटशी जुळवा आणि पीएमआय गन (धातूतली मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) लावाच. इन्कोनेल ६२५ हा दुसरा निकेल मिश्रधातू आणि ७१८ नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत, पण मॉलिब्डेनम लगेच सांगतं: ७१८ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास, ६२५ मध्ये ८ ते १०.

ड्रॉईंगवर ७१८ असेल तर पर्याय शोधत बसू नका. त्या तापमानाला आणि ताणाला हा धातू पुरून उरतो. फक्त गंज नको म्हणून कोणी सुचवत असेल, तर आधी तापमान, ताण आणि क्लोराइड किती ते विचारा. साध्या कामाला ३१६ स्टेनलेस स्टील पुष्कळदा पुरतं, नाहीतर ६२५ बघा.

वापरातल्या कामगिरीला ५ पैकी ५, मशीनिंगला २. इन्सर्टचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा धरा आणि चिप्स स्टीलच्या भंगारात मिसळू देऊ नका. या चिप्समध्ये निम्म्याहून जास्त निकेल असतं.