आजोबांच्या तीन रायफली, परवान्यावर जागा दोनच: कोणत्या ठेवाल?

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. वारशाने आलेल्या शस्त्रांनाही तीच मर्यादा. तिसरी वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. आमच्या घरी वडिलांच्या परवान्यावर बरोबर तीन रायफली होत्या. .२७५ रिग्बी, ईशापूरची .३१५ आणि बीएसएची .२२ मार्टिनी. (आकडा म्हणजे नळीच्या भोकाची अंदाजे रुंदी, इंचांत.) तिन्ही आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, जमवलेल्या. परवाना वारसाच्या नावावर करायची वेळ आली की हाच प्रश्न आजही घरोघरी येतो, म्हणून आम्ही काय काय तोलून पाहिलं ते सांगतो.

देखणी म्हणाल तर .२७५. तिच्याशी बाकी दोघींची तुलनाच नाही. मूळ काडतूस १८९२ मधलं जर्मन माउझरचं ७×५७. लंडनच्या रिग्बीने त्याला .२७५ हे इंग्रजी नाव दिलं आणि माउझरच्या बोल्टवर (काडतूस नळीत बसवणाऱ्या, हाताने मागे-पुढे करायच्या दांड्यावर) हलक्या, सडसडीत शिकारी रायफली बांधल्या. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ साली भेट मिळालेली रायफल याच जातीची. साधारण ९ ग्रॅमची गोळी, सरळ मार्ग, खांद्याला सोसेल असा धक्का. बोल्ट मागे-पुढे करताना जो गुळगुळीतपणा जाणवतो तो .३१५ मध्ये शोधूनही सापडत नाही.

आबांचा जीव हिच्यावर. पण तिच्याबद्दल ते सांगायचे ती गोष्ट पराक्रमाची नव्हती. एका संध्याकाळी त्यांनी सांबरावर बार टाकला, गोळी मागे लागली आणि जनावर रानात शिरलं. आबा दोन दिवस रक्ताच्या मागावर हिंडले, तिसऱ्या दिवशी ते ओढ्यात मेलेलं सापडलं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा ओळखीतले अनेक जण कुरकुरले, आबा नाही. त्यांनी रायफलीला तेल लावलं, गवसणीत घातली आणि त्यानंतर ती बाहेर यायची फक्त खंडेनवमीला, पाटावर, हळदकुंकू आणि झेंडूसाठी.

.३१५ चं रूप रांगडं. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली, ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफिल्ड रायफलीच्या बांधणीवरची. हिचा बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं मापही, इतिहासातून आलेला आहे. लष्करी काडतुसं नागरिकांच्या बंदुकीत चालू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने लष्कराची .३०३ सामान्य परवान्याबाहेर ठेवली आणि ऑस्ट्रियाच्या जुन्या ८×५० मान्लिखर काडतुसाला .३१५ या नावाने इथे घर मिळालं. गोळी जड, १६ ग्रॅमच्या आसपास. धक्का असा की पहिल्यांदा उडवणारा दुसऱ्या दिवशी हात वर करताना आठवण काढतो.

आमच्याकडे ती धाकट्या काकांची. शेत भुदरगडात, जंगलाच्या कडेला. उसाच्या फडात रानडुकरं शिरायची, कधी गवेही यायचे. काका रात्री माळ्यावर बसायचे आणि जनावरांचा आवाज आला की समोरच्या बांधाच्या उतारात एक बार टाकायचे. त्या आवाजाने फड रिकामा व्हायचा. एकाही जनावराला त्यांनी गोळी घातली नाही. आज तर वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुकरावरही बार टाकता येत नाही, हे शेतीसंरक्षणासाठी रायफल ठेवणाऱ्याने आधी समजून घ्यावं.

पण काडतुसांचा प्रश्न आला की पारडं फिरतं. .३१५ ची काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. १८६९ चा कारखाना, आपल्या पुण्याच्या कुशीतला. परवान्यावर जेवढी मंजूर आहेत तेवढी रीतसर विकत घेता येतात. .२७५ चं तसं नाही. सामान्य परवानाधारकासाठी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे विलायती रायफलीला भाव चांगला येतो, पण तिची काडतुसं मिळवणं कठीण. आमच्या कपाटात तिची सात उरली होती, तीही आबांच्या वेळची. जुन्या काडतुसांच्या टोपीतले क्षार बार झाल्यावर नळीत राहतात आणि हवेतला ओलावा ओढून घेतात. आमच्याकडच्या पावसात एक आठवडा दुर्लक्ष झालं तरी नळीत गंजाचे खड्डे पडू शकतात. गरम पाण्याने नळी धुवायची, सुकवायची आणि मगच तेल लावायचं, हा आबांचा क्रम होता.

आता .२२ मार्टिनी. तिच्यावर जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते निर्णय तिच्यापासून सुरू व्हायला हवा. ही शिकारीची नाही, नेमबाजीची. एका वेळी एकच काडतूस. खालचा लिव्हर ओढला की आतला ठोकळा पुढून खाली झुकतो आणि नळीचं तोंड उघडतं. चाप ओढल्यापासून बार होईपर्यंतचा वेळ इतका थोडा की हात हलायच्या आत गोळी निघून जाते. बर्मिंगहॅमच्या बीएसएने अशा रायफली बनवल्या आणि इंग्लंडच्या छोट्या छोट्या रायफल क्लबांत पिढ्यांनी त्यांच्यावर हात बसवला.

आत्या कॉलेजात असताना एनसीसीत होती. तिथे तिने पहिल्यांदा .२२ उडवली आणि घरी येऊन आबांना सांगितलं की मला नेम येतो. आबांनी कोल्हापुरातल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून ही मार्टिनी घेतली. तरटावर पालथं पडून, डाव्या दंडाला पट्टा आवळून, मागच्या पीप साईटच्या बारीक भोकातून आत्या तासन्‌तास पाहत असे. ५० मीटरवरच्या आजच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. आम्हा सगळ्या भावंडांना तिनेच शिकवलं. "श्वास अर्धा सोड, मग थांब. चाप ओढायचा नाही, दाबत राहायचा." लक्ष्याची भोकं पडलेली कार्डं तिने पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली आहेत, प्रत्येकामागे तारीख.

स्पर्धेत ही जुनी रायफल आजच्या रायफलींपुढे टिकणार नाही, हे स्पष्ट सांगतो. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलं. दोघेही आमच्या कोल्हापूरचे. ती पातळी गाठायला दस्त्याचा प्रत्येक भाग अंगाला जुळवून घेता येणारी आधुनिक रायफल लागते. मार्टिनीचे सुटे भागही आता सहज मिळत नाहीत. पण शिकायला आणि क्लबात रविवारी दहा-वीस गोळ्या शांतपणे उडवायला तिच्यासारखी दुसरी नाही.

आणि कायद्यातली एक सवलत तिच्याच बाजूने आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याची सरावासाठीची .२२ रायफल दोनच्या मोजणीत धरली जात नाही. आम्हाला हे उशिरा कळलं, तेव्हा घरात कोणीच सदस्य नव्हतं. तुमच्याकडे .२२ असेल आणि घरातलं कोणी क्लबात जात असेल, तर बाकी काही ठरवण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात याची लेखी विचारणा करा.

आम्ही .३१५ आणि .२२ ठेवल्या, .२७५ दिली. ही सवलत आधी कळली असती तर .२७५ ठेवली असती का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. नाही. जी रायफल उडवताच येत नाही ती घरात ठेवणं म्हणजे जोखीम जपणं. कपाटाची किल्ली, निवडणुकीच्या वेळी जमा करण्याची धावपळ, दर पावसाळ्यात गंजाची काळजी, हे सगळं करायचं आणि हाती फक्त पाहण्याचं सुख. ती सांभाळण्याइतका वेळ आणि हौस तुमच्यापाशी असेल, शेतीही नसेल, तर माझा सल्ला उलटा करा: .२२ सोबत .२७५ ठेवा आणि .३१५ द्या. .३१५ पुन्हा मिळेल, रिग्बी मिळणार नाही.

ठरवण्याआधी दोन कामं मात्र करा. एक, जाणकार कारागिराला नळी आणि बोल्ट दाखवा. त्याने पाहिल्याशिवाय जुनी रायफल उडवू नका. दुसरं, शस्त्रावर कोरलेला क्रमांक परवान्याशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. आमच्या परवान्यावर एक आकडा चुकीचा चढला होता आणि तो दुरुस्त व्हायला पाच महिने गेले. विकायची असेल तर लेखी पूर्वसूचना देऊन ४५ दिवस थांबावं लागतं, तेही हिशेबात धरा. वडीलधारे हयात असतानाही वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्यांची सत्तरी झाली असेल किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असेल तर. ते स्वतः सांगायला आहेत तोवर हे करावं, कारण कोणती रायफल कुठून आली हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

रिग्बी गेली त्या दिवशी वडिलांनी तिचा चामडी पट्टा काढून घेतला. खंडेनवमीला तो पाटावर असतो, उरलेल्या दोघींच्या मधे. माझ्या भाचीने गेल्या वर्षी क्लबचं सदस्यत्व घेतलं आणि मार्टिनीवर पहिलं कार्ड भरलं. दहा भोकं, त्यातली चार काळ्या वर्तुळाच्या बाहेर. आत्याने ते चष्मा लावून पाहिलं, मागे तारीख लिहिली आणि ट्रंकेत ठेवलं.