ब्लॉगांचा छापील अंक: ऑनलाइन साधन, कॅनव्हा की डीटीपीवाला?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या संकुलात चौकशी केली तर ब्लॉग लिहिणारी चार-पाच माणसं सहज निघतात. कुणी येऊरच्या पक्ष्यांवर लिहितं, कुणी ठाण्याच्या तलावांवर, कुणी गडकरी रंगायतनला पाहिलेल्या नाटकांवर. हे आवडीनं वाचतील अशी बरीच मंडळी मात्र संध्याकाळी कट्ट्यावर असतात आणि त्यांच्या मोबाइलवर पाठवलेली लिंक 'शुभ सकाळ'च्या ढिगाऱ्याखाली गाडली जाते. मग कुणीतरी म्हणतं, यातलं निवडक छापून अंक काढू या. पुढचा प्रश्न लगेच येतो: पानं कोण लावणार?

ज्यांना आता हे ठरवायचं आहे त्यांना माझं मत आधीच सांगते. आठ पानांपर्यंतचं, झेरॉक्सवर निघणारं मासिक पत्रक हवं असेल तर ब्लॉगांतून लेख आपोआप ओढून पीडीएफ बनवणारं ऑनलाइन साधन घ्या. सोळा पानांच्या वर गेलात, किंवा अंक ग्रंथालयात ठेवायचा असेल, तर डीटीपीवाल्याकडे, म्हणजे संगणकावर पानं लावून देणाऱ्या व्यावसायिकाकडे जा. कॅनव्हा हे तयार साच्यांवर डिझाइन करायचं ऑनलाइन साधन मुखपृष्ठासाठी आणि जाहिरातींसाठी उत्तम आहे, अख्ख्या अंकासाठी नाही. आता कारणं.

साधन काय करतं

प्रत्येक ब्लॉगला एक फीड असतो, म्हणजे ताज्या लेखांची यंत्राला वाचता येईल अशी यादी. साधनाला चार ब्लॉगांचे पत्ते दिले की ते लेख ओढून आणतं, ठरलेल्या साच्यात बसवतं आणि छापायला पीडीएफ काढून देतं. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड शहरातल्या दैनिकाच्या 'प्रिंटकास्टिंग' या प्रकल्पाला 2008 मध्ये पत्रकारितेला मदत करणाऱ्या नाइट फाउंडेशनच्या स्पर्धेतून अनुदान मिळालं होतं. तिथल्या ब्लॉगरांनी फीड द्यायचे, कुणीही त्यातून मासिक जुळवायचं आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारानं आपली छोटी जाहिरात स्वतःच बनवून त्यात टाकायची, असा बेत होता. मला त्यातला जाहिरातीचा भाग सगळ्यात हुशारीचा वाटतो, कारण राम मारुती रोडवरचा साडीवाला असो की वाशीचा क्लासवाला, दैनिकाच्या दराला बिचकतो, पण शेजारच्या दोन हजार घरांत जाणाऱ्या पत्रकाला नाही म्हणत नाही.

तो प्रकल्प आज चालू नाही. असे फीड वाचायचा गूगल रीडरही 2013 मध्ये बंद झाला. म्हणून कुठलंही नवं साधन वापरताना प्रत्येक अंकाची पीडीएफ आणि मूळ मजकूर आपल्याकडे वेगळा ठेवायचा. यात विचार करण्यासारखं काही नाही.

फीडच्या दोन खोड्या आधी माहीत असाव्यात. ब्लॉगमालकानं सेटिंगमध्ये 'संपूर्ण मजकूर' निवडला नसेल तर साधनाला लेखाची फक्त सुरुवात मिळते आणि छापील पानावर 'पुढे वाचा' असं येतं, जे कागदावर फारच केविलवाणं दिसतं. दुसरी गोष्ट, ब्लॉग चालवायच्या सेवांपैकी वर्डप्रेस स्वतःहून शेवटचे 10 लेख देतं, गूगलचं ब्लॉगर 25. म्हणजे गेल्या पावसाळ्यातला मासुंदा तलावावरचा लेख हवा असेल तर तो फीडमध्ये सापडणारच नाही. यावर सोपा उपाय आहे. लेखकांना सांगायचं की अंकासाठी निवडलेल्या लेखांना एक ठरावीक लेबल लावा आणि साधनाला त्या लेबलचाच फीड द्या. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीकडे लेबलचा किंवा वर्गाचा वेगळा फीड मिळतो. लेबल रोमन अक्षरांत ठेवा, देवनागरी लेबलच्या पत्त्यात टक्केचिन्हांची रांग लागते.

एवढं केलं की साधनाचा वेग खरोखर चकित करतो. सगळे लेख तयार असतील तर एका संध्याकाळी आठ पानं होतात.

देवनागरीची परीक्षा

बहुतेक निर्णय इथेच होतो, आणि दुर्दैवानं साधनाच्या जाहिरातीत यावर अवाक्षर नसतं. खाते उघडून पैसे भरण्याआधी एक परिच्छेद मुद्दाम तयार करा. त्यात तऱ्हा, ऱ्हास, सुऱ्या, वाङ्मय, दर्यावर्दी, श्रद्धा, ज्ञानेश्वरी, ॲप आणि शक्ती हे शब्द असू द्या. त्याची पीडीएफ काढा, आणि पडद्यावर न पाहता कागदावर छापून पाहा.

'तऱ्हा'चा घोळ समजून घेण्यासारखा आहे. हा आडवा र टाइप करण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत नुक्त्याचा ऱ असतो, दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. एकाच अंकातले दोन लेखक वेगवेगळ्या कळफलकांवर लिहितात, त्यामुळे दोन्ही प्रकार येतात. मजकूर 'स्वच्छ' करताना काही साधनं ते अदृश्य चिन्ह काढून टाकतात आणि एका लेखात 'तऱ्हा', दुसऱ्यात 'तर्हा' छापलं जातं. 'ॲ'ची गंमत वेगळी: जुन्या फाँटात ते अक्षरच नसतं, तिथे रिकामा चौकोन येतो.

फाँट कुठला हेही बघा. अनेक साच्यांत हिंदी वळणाचे ल आणि श येतात. वाचता येतात, पण आयुष्यभर मराठी पाठ्यपुस्तकं शिकवलेल्या आजींच्या हातात अंक गेला की पहिली तक्रार तीच असते. टिरो देवनागरी मराठी, किंवा राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे फाँट मोफत आहेत. साधनात स्वतःचा फाँट चढवायची सोय असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर मी त्या साधनाचा नाद सोडते.

शिवाय रकाने. इंग्रजी मासिकासाठी बेतलेल्या साच्यात ए-फोर पानावर तीन रकाने असतात. मराठीत 'महानगरपालिकेच्या', 'रहिवाशांसाठीसुद्धा' असे लांब शब्द ओळीओळीला येतात. तीन रकान्यांत दोन्ही कडा जुळवायला गेलं की शब्दांमध्ये भगदाडं पडतात. दोन रकाने ठेवा आणि फक्त डावी कड जुळवा.

कॅनव्हा

कॅनव्हाची जमेची बाजू म्हणजे ते घरातल्या कॉलेजकुमाराला आधीच येतं. देवनागरी नीट दिसते, मुक्ता आणि बालूसारखे फाँट तिथे आहेत, तिघे-चौघे एकाच वेळी काम करू शकतात, आणि कापायच्या खुणांसह पीडीएफ मोफत खात्यातही निघते. छपाईच्या चार रंगांतली, म्हणजे सीएमवायके पीडीएफ मात्र पैसे भरलेल्या खात्यातच.

अडचण अशी की लेखाचा मजकूर एका चौकटीतून पुढच्या चौकटीत आपोआप वाहत नाही. तिसऱ्या पानावरचा एक परिच्छेद काढला की सातव्या पानापर्यंतचं सगळं हातानं वर सरकवायचं. आठ पानांत निभावतं, सोळात वैताग येतो, आणि हे काम कायम सगळ्यात उत्साही माणसाच्या गळ्यात पडतं. दुसऱ्या अंकानंतर तो उत्साही माणूस फोन उचलत नाही.

याच कारणासाठी लिबरऑफिस रायटर या मोफत प्रोग्रामकडे कुणी बघत नाही याचं मला नवल वाटतं. दिसायला अगदीच सरकारी, पण दोन रकान्यांत मजकूर आपोआप वाहतो, देवनागरी चोख, आणि छापताना 'ब्रोशर' हा पर्याय दिला की पानं पुस्तिकेच्या क्रमानं लागतात. मुखपृष्ठ कॅनव्हात, आतली पानं रायटरमध्ये, ही जोडी मला कॅनव्हाच्या एकट्या संसारापेक्षा सरस वाटते. स्क्रायबस हा मोफत मांडणीचा प्रोग्रामही आता देवनागरी नीट हाताळतो, पण तो शिकायला सवड हवी.

डीटीपीवाला

नौपाड्यात किंवा ठाणे स्टेशनच्या आसपास डीटीपीची पाटी दिसली की आत जाऊन पहिला प्रश्न विचारा: पानं कुठल्या प्रोग्रामात लावता, पेजमेकर की इनडिझाइन? पेजमेकरची शेवटची आवृत्ती 7.0, ती 2001 ची, आणि त्यात युनिकोड, म्हणजे आज मोबाइलवर आणि वेबवर मराठी ज्यात लिहिली जाते ती सामाईक पद्धत, चालत नाही. ब्लॉगचा मजकूर सगळा युनिकोडमधला. तो जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटच्या सांकेतिक पद्धतीत बदलून घ्यावा लागतो. बदलताना जोडाक्षरं, रफार आणि अवतरणचिन्हं कुठे ना कुठे मोडतात. म्हणजे ब्लॉगवर बिनचूक असलेला लेख पुन्हा अक्षरन् अक्षर तपासायचा. इनडिझाइनवाला असेल आणि युनिकोडमध्येच काम करत असेल तर हा सगळा फेरा वाचतो.

चांगला डीटीपीवाला साधनाला न जमणाऱ्या गोष्टी न सांगता करतो. लेखाचा शेवट दोन ओळींसाठी पुढच्या पानावर जात असेल तर फोटो चिमूटभर लहान करतो. दोन लेखांत एकच माहिती आली तर फोन करून विचारतो. आणि पानांची संख्या चारच्या पटीत बसवतो. मधोमध पिन मारायच्या अंकाला हे लागतंच, कारण ए-थ्रीच्या एका कागदावर ए-फोरची चार पानं येतात. साधन बेधडक तेरा पानं देतं आणि उरलेल्या तीन कोऱ्या पानांचं काय करायचं ते तुम्ही बघा.

त्याची वेळ मात्र सांभाळा. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा 1909 च्या 'मनोरंजन'पासूनची, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मांडणी करणारा माणूस कुणाच्या हाती लागत नाही. तुमचा पहिला अंक जून-जुलैत काढा. दुरुस्त्या एकगठ्ठा द्या, 'आणखी एक छोटासा बदल' असे मेसेज रात्री अकराला पाठवले की दर वाढतो, आणि वाढायलाच हवा.

फोटो आणि छपाई

ब्लॉगवरचा फोटो पडद्यावर छान दिसतो म्हणून कागदावर छान येईल असं नाही. छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात. ब्लॉगरवर अनेकदा 320 ठिपके रुंदीची प्रत दिसत असते. ती नीट छापली तर जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर. फीडमधून बहुतेकदा हीच छोटी प्रत येते. फोटोच्या पत्त्यातला 320 हा आकडा बदलून 1600 केला की मोठी प्रत मिळते, मुळात मोठी चढवली असेल तर. त्याहून बरं म्हणजे लेखकाकडूनच मूळ फाइल मागायची, आणि व्हॉट्सॲपवरून घ्यायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून.

छपाईचा हिशेब प्रतींवर ठरतो. सोळा पानी अंकाला प्रतीमागे ए-थ्रीचे 4 कागद, म्हणजे 150 प्रतींना 600: एक रीम आणि वर शंभर. डिजिटल किंवा झेरॉक्समध्ये पहिल्या प्रतीचा आणि दीडशेव्या प्रतीचा खर्च जवळपास सारखाच. ऑफसेटला, म्हणजे छापखान्यातल्या मोठ्या यंत्रावरच्या छपाईला, प्लेटांचा खर्च आधीच होतो, रंगीत असेल तर चार प्लेटा, मग प्रती वाढतील तसा दर उतरतो. त्यामुळे शे-दीडशे प्रतींसाठी ऑफसेटवाल्याचा वेळ घेऊ नका, आणि हजारभर काढायच्या असतील तर झेरॉक्सवाल्याच्या दरात अडकू नका.

नेरुळ-सीवूड्सकडचा एखादा पक्षीप्रेमी गट असेल आणि खाडीतल्या फ्लेमिंगोंचे फोटो हाच अंकाचा जीव असेल, तर वरचं गणित थोडं उलटं करा. आठच पानं, आर्टपेपर, रंगीत डिजिटल छपाई, आणि मांडणी इनडिझाइनमध्ये. फीडचं साधन तिथे कामाचं नाही, कारण साच्यात बसवताना ते फोटो वाटेल तिथे कापतं आणि पक्ष्याची चोच रकान्याबाहेर जाते.

परवानगी

ब्लॉग सगळ्यांना वाचायला खुला असला तरी लेखावर आणि फोटोवर हक्क लेखकाचाच असतो, 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं, वेगळी नोंदणी न करताही. साधनात पत्ता टाकताच लेख येतो म्हणून तो छापायचा, ही आयजीच्या जिवावर बायजी उदार अशातली गत. ईमेलवर दोन ओळींची परवानगी घ्या आणि त्यात जाहिराती असतील हेही लिहा, वाद बहुधा तिथेच होतो.

नियमित कालावधीनं निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य छापणारं प्रकाशन असेल तर 1 मार्च 2024 पासून लागू झालेल्या 2023 च्या नियतकालिक नोंदणी कायद्याखाली ते येतं. नोंदणी ऑनलाइन होते आणि शीर्षकाची मंजुरीही त्यासोबतच घ्यावी लागते, त्यामुळे नावाचे दोन-तीन पर्याय हाताशी ठेवा. वर्धापनदिनाला एकदाच निघणारी स्मरणिका यात येत नाही. तेव्हा पहिली खेप स्मरणिका म्हणून काढा, कट्ट्यावर आणि वाचनालयात ठेवा, किती प्रती खरंच उचलल्या जातात ते बघा, आणि मगच मासिक की त्रैमासिक या चर्चेला बसा.