ब्रेकियल प्लेक्सस: डिसेक्शन करून शिकावा की तयार नमुन्यावर?

ब्रेकियल प्लेक्सस म्हणजे मानेतून काखेमार्गे हाताकडे जाणारं नर्व्हचं जाळं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी काखेचं डिसेक्शन (मृतदेह थराथराने उलगडणं) वेळ खातं, पण कशाखाली काय आहे ते त्यातूनच कळतं. त्वचा उलटवायची, छातीचे स्नायू, म्हणजे पेक्टोरॅलिस मेजर आणि मग मायनर, बाजूला करायचे, चरबी बोथट चिमट्याने नर्व्हच्या दिशेनेच काढायची. घाई इथे नडते: चरबीबरोबर काखेतली बारीक इंटरकॉस्टोब्रेकियल नर्व्ह कधी गेली ते कळतही नाही. ॲक्सिलरी व्हेनला (काखेतली शीर) मिळणाऱ्या लहान शिरा काढल्या की आर्टरीभोवतीच्या कॉर्ड (प्लेक्ससचे जाड दोर) मोकळ्या होतात आणि नर्व्हचा इंग्रजी ‘एम’ दिसतो. मधल्या टोकातून मीडियन नर्व्ह निघते. बाहेरचा पाय कोरॅकोब्रेकियालिस या दंडाच्या स्नायूमध्ये घुसतो, ती मस्क्युलोक्युटेनियस. आतला पाय अल्नर.

तयार, म्हणजे आधीच डिसेक्ट करून ठेवलेल्या नमुन्यावर हाच ‘एम’ लगेच सापडतो. उजळणीला आणि स्पॉटिंगला (नमुन्यावरचा भाग ओळखण्याची परीक्षा) तोच बरा. पण त्यात पेक्टोरॅलिस मायनर कापून टाकलेला असला, तर कॉर्ड त्याच्या मागे असतात हे डोक्यात बसत नाही. शिवाय सुटा हात उजवा की डावा, इथेच भलेभले गडबडतात.

एका टेबलाभोवती गर्दी असेल, तर मागच्या रांगेतून डिसेक्शन म्हणजे मित्रांच्या पाठी बघणं. अशा वेळी सरळ नमुना घ्या, आणि पेक्टोरॅलिस मायनरच्या जागी बोट आडवं धरून कॉर्ड ओळखा.