फायरफॉक्सचा जुना चेहरा हवा: यूजरक्रोम की ईएसआर?

२०२१ च्या जूनमध्ये फायरफॉक्स ८९ आलं, टॅब जाड झाले, मेनूतली चिन्हं गेली आणि रोजचे वापरकर्ते वैतागले. त्यांचा राग रास्तच होता. हाताला बसलेली सवय एका रात्रीत मोडते. अशा बदलानंतर ‘आता काय करू?’ असं विचारणाऱ्यांपुढे दोन वाटा असतात: ईएसआर, म्हणजे जुनं रूप जास्त काळ ठेवणारी या ब्राउझरची वेगळी आवृत्ती, किंवा यूजरक्रोम, म्हणजे नव्या आवृत्तीचंच रूप स्वतः बदलणारी फाइल.

मेहनत पाहिली तर ईएसआर सोपं, एकदा बसवलं की झालं. मात्र नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल (तुमचे बुकमार्क, सेटिंग वगैरे ठेवणारा फोल्डर) जुनी आवृत्ती सहसा उघडत नाही, त्यामुळे बुकमार्क आधी सिंक करा. यूजरक्रोमसाठी प्रोफाइलमध्ये सीएसएसची, म्हणजे रंगरूप ठरवणाऱ्या संगणकीय भाषेतली फाइल लिहावी लागते. आवृत्ती ६९ पासून ही सोय मुळात बंद असते, ती अबाउट-कॉन्फिग या फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगच्या पानावरून सुरू करावी लागते.

टिकाऊपणात दोन्ही लंगडे. ईएसआर साधारण वर्षभर बदल लांबवतं, टाळत नाही. कोणत्याही अपडेटनंतर यूजरक्रोम मोडू शकतं, कारण ब्राउझरच्या आतली नावं बदलतात.

सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन्हीकडे मिळतात. अपडेटच बंद करणं ही तिसरी वाट मात्र धरू नका.

कार्यालयातल्या अनेक संगणकांना किंवा घरच्या ज्येष्ठांना ईएसआर द्या. नेमकी एखादीच गोष्ट खुपत असेल आणि सीएसएस येत असेल, तर यूजरक्रोम घ्या.