गाण्याच्या व्हिडिओत गोष्ट हवी की दमदार दृश्यं पुरेत?

पुतण्याच्या बँडचं पहिलं गाणं तयार आहे, पण व्हिडिओवर घोडं अडलंय.

खर्चात गोष्ट महागच. कलाकार, लोकेशन, कपडे, शिवाय एडिटिंगला जास्त वेळ. मायकल जॅक्सनचा १९८३ चा ‘थ्रिलर’ जवळपास १४ मिनिटांचा आहे. गोष्टीसाठी त्यात गाण्याची मांडणीच बदलली: कडवी आधी सलग, धृपद पार शेवटी.

उलट शिनेड ओकॉनरचा १९९० चा ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ बघा. काळी पार्श्वभूमी, बराच वेळ फक्त तिचा चेहरा आणि गालावर ओघळलेले खरे अश्रू. तो चेहरा मला कुठल्याही कथानकापेक्षा जास्त सांगतो.

मेहनत मात्र दृश्यांनाही सुटत नाही. २००६ मध्ये ‘ओके गो’ या बँडने ट्रेडमिलवरचा नाच एकाच टेकमध्ये चित्रित केला. असल्या कामाला तालमीच तालमी लागतात.

पुन्हा पाहण्यात दृश्यंच जिंकतात. गोष्टीचा शेवट कळला की ओढ कमी होते.

ताल जोरकस आणि पैसे कमी असतील, तर एकच ठसठशीत कल्पना घ्या. शब्दांनी मुद्दाम काही न सांगता सोडलं असेल आणि अभिनय येणारी माणसं हाताशी असतील, तर गोष्ट करा. पुतण्याच्या गाण्यात शब्दच सगळं सांगतात, त्यामुळे त्याने गोष्टीच्या भानगडीत पडू नये.